एक जून

हजेरीपत्रक चाळताना लक्षात आलं,
माझ्या वर्गातली चौतीसपैकी एकतीस पोरं
एकाच दिवशी जन्मली आहेत.
एक जून.
उरलेली तिघं सरकारी दवाखान्यातली.

उदगीरच्या कॉलेजात ह्याचं कुणाला नवल नाही.
माझाही एक जूनच.
लिंबाजी मास्तर नाव घालताना म्हणायचे,
उजवा हात डोक्यावरून ने, डावा कान धर.
धरला की सहा वर्षं पुरी.
आणि तारीख, सोयीची म्हणून, एक जून.
दोनच गृहीतकं.
त्यांतून पुढचं सगळं रीतसर निघत गेलं:
दहावीची सनद, रहिवासी दाखला, नोकरीचा हुकूम,
आणि परवाचं पत्र,
एकतीस मे रोजी आपण साठ वर्षे पूर्ण करीत असल्याने.
कुठे एक पायरी चुकलेली नाही.

फळ्यावर लिहितो: सिद्धता म्हणजे ओळींची रांग.
प्रत्येक ओळ एकतर गृहीतक,
नाहीतर मागच्या ओळींमधून नियमाने आलेली.
तपासायला कारकून पुरतो,
डुलक्या घेणारासुद्धा.
सत्याला मात्र आधी एक विश्व लागतं,
संच राहतील असं. रिक्त संचापासून
वर वर चढत गेलेलं,
जे आपल्यापैकी कुणी बघितलेलं नाही.

शेवटच्या बाकावरून कौसल्या डोईफोडे:
"सर, माय म्हणूलाली,
मी झाले तव्हा तुरी सोंगणीला आल्त्या.
बांधावरच झाले म्हणं. गारठा लई होता.
मग एक जून कसंकाय?"

वर्ग हसला.
मी खडू खाली ठेवला.
म्हटलं, बाई, तुझ्या आईच्या विश्वात रजिस्टर खोटं आहे.
पण रजिस्टरात विसंगती नाही,
आणि विसंगती नसली की
कुठेतरी एक विश्व असतंच
ज्यात ते अक्षरन् अक्षर खरं.
(हे मात्र सिद्ध झालेलं आहे.)
तिथे एक जूनला गावोगाव बाया एकदम अडतात,
सुईणींना पाणी प्यायला सवड नसते,
आणि तुरी पेरणीआधीच
सोंगून झालेल्या असतात.

मग त्याच तासाला शेवटचं सांगून टाकलं.
मोजसंख्यांचा अनंत लहान, रेषेवरच्या बिंदूंचा मोठा.
मधे तिसरा आहे का?
आपली गृहीतकं ह्यावर तोंड उघडत नाहीत.
ती सुसंगत असतील तर
एका विश्वात तो आहे, दुसऱ्यात नाही,
दोन्ही विश्वं नियमाने वागणारी.
जे प्रत्येक विश्वात खरं, तेवढंच सिद्ध होतं.
ना कमी, ना जास्त.

"पर खरं काय, सर?"
घंटा झाली.

मी आईला कधी विचारलं नव्हतं.
कशाला विचारू? माझ्याकडे कागद होता.
आता आई नाही, म्हणून मोंढ्यामागे गेलो,
चुलतीकडे. भागाकाकू, नव्वदीच्या पुढची,
सुपात हरभरा पाखडत बसलेली.
"तुझ्या वक्ताला?" म्हणाली. "करडई फुलल्ती.
पिवळंजर्द रान, अन् तुझी माय उभ्यानं..."
सूप थांबलं.
"न्हाई. ते थोरल्याच्या वक्ताला.
तुझ्या वक्ताला
कायतरी होतं बघ. उजेड होता
का नव्हता."
आणि पुन्हा पाखडू लागली.

खरं काहीतरी होतं, एवढं तिला पक्कं माहीत होतं.
ते कुठल्याच ओळीत बसत नव्हतं.

परत येताना बसस्टँडाच्या बाकावर,
कुणी बघत नाहीसं पाहून,
उजवा हात डोक्यावरून नेला.
खांदा दुखतो हल्ली.
कान सापडायला वेळ लागला.