सात कोटी एकोणचाळीस लक्ष

आमोण्याच्या धक्क्यावर, काट्याच्या खोलीत
शेवटच्या हंगामाची वही अजून आहे.
एकूण खनिज, किलोत: ७,३९,३९,१३३.
अक्षर माझं. बाजूला लाल धुळीचा ठसा,
तो कायतानच्या अंगठ्याचा.
बार्ज सोडण्याआधी तो हटकून विचारायचा,
"कितलें जालें?"

मग खाण बंद पडली.
बार्ज चिखलात रुतून बसली,
मला राखणीला ठेवलं,
आणि तोलायला काही उरलं नाही.

तेव्हा हा आकडा फोडायला घेतला.
दोनाचा प्रश्नच नव्हता. तीनाने नाही, बेरीज अडतीस.
सात, अकरा, तेरा... जुन्या चलनांच्या पाठीवर
भागाकार करत गेलो.
आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवच्या पुढे जायचं कारण नाही
एवढं गणित शाळेतून उरलेलं.
तरी हजारावर भाजक,
आणि प्रत्येकाची काही ना काही बाकी.
चवथ आली, गेली. नदीचं तांबडं पाणी
चक्क हिरवं दिसू लागलं.
आकडा अभंग. मूळ संख्या.

नाताळच्या सुमारास भिंतीतून वाळवी आली,
वहीच्या उजव्या कडेला लागली.
शेवटचा तीन गेला.
७३९३९१३. सवयीने भागून पाहिलं: मूळ.
आणखी एक तीन.
७३९३९१. मूळ.
रॉकेलची बाटली हाताशी होती.
शिंपडलं नाही.
एक गेला, ७३९३९:
म्हणजे नेमके टन शाबूत,
वरचे किलो तेवढे किड्यांनी नेले.
मूळच.
७३९३
७३९
७३
आणि शिवणीच्या दोऱ्यापाशी एकटा
७.

कायतान आला तेव्हा हे सगळं सांगितलं.
तो खिडकीत बसून नखाने गंज खरवडत होता.
म्हटलं, उजवीकडून कितीही खा, मोडत नाही.
पण उजवीकडे एक अंक जोडून बघ!
सम जोडला की दोनाने जातो, पाच-शून्याला पाच आहे,
एक किंवा सात जोडला तर तीन टपलेलाच.
उरले तीन आणि नऊ. त्यांनी माझ्या कित्येक रात्री खाल्ल्या,
पण शेवटी तेही फुटले.
ह्याच्यापुढे रस्ता नाही, कायतान.

"मगीर जोडटा कित्याक?"

मला उत्तर सुचलं नाही.
त्याने पेन्सिल मागितली, भिंतीवर मांडली
कंपनीकडे अडकलेली त्याची बाकी:
८४,०००.
माझी नजर सवयीने फिरली.
दोनाने जाते. तीनाने, चाराने, पाचाने,
सहाने, साताने, आठानेसुद्धा.
दुकानदार, डॉक्टर, धाकटीची फी, बहिणीचं देणं...
ज्याला त्याला वाटून
हाती शून्य.

कायतानने पेन्सिल कानावर ठेवली
आणि ती तशीच घेऊन गेला.