जेवणानंतर

पाकिटावर मी सूर्य काढतो, म्हणजे सकाळची.
चंद्रकोर काढतो, म्हणजे रात्रीची.
विट्यात निम्मं गिऱ्हाईक चष्मा घरी विसरून येतं
आणि उरलेल्या निम्म्यांकडे चष्माच नसतो.
तरी खाली बॉलपेननं लिहितो: जेवणानंतर.
बावीस वर्षं लिहितोय.
हात आपोआप लिहितो,
मागावर धोटा जातो नि येतो, तसा.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी
कलावती भिंगारदेवे दुकानाच्या पायरीवरच खाली बसली,
घामानं निथळलेली, हात कापणारे.
साखर उतरली होती.
ग्लुकोजची पुडी फोडली, पाण्यात कालवली,
घोट घोट पाजलं.
जरा सावरल्यावर म्हणाली,
"गोळी येळेवर घेतली की रं. एकबी चुकवली न्हाई."
"आणि जेवण?"
ती माझ्याकडं बघत राहिली,
जणू मी दुसऱ्याच कुणाच्या आजाराबद्दल विचारतोय.

त्या रात्री शटर अर्धं ओढून उधारीची वही चाळली.
कोण पट्टी कात्रीनं अर्धी कापून नेतं,
कोण पंधरा तारखेनंतर येतच नाही,
कुणाचं इन्सुलिन माठाच्या आडोशाला असतं.
सगळं होतं तिथं.
माझ्याच अक्षरात.

मग विचारायला लागलो.
पण हे मागांचं गाव.
तीस-तीस वर्षं खटक-खटक ऐकलेल्या कानांना
हळू काही विचारता येत नाही.
दत्तोबा म्हेत्रे, जॉबर, बीपीची गोळी.
"जेवलाय का?" ऐकू गेलं नाही.
मोठ्यानं म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडलोच.
रांग वळली.
शेजारचा झेरॉक्सवालासुद्धा बाहेर आला.
दत्तोबांनी मोजून काढलेले सुट्टे पैसे परत खिशात टाकले.
"औषध मागाय आलोय," म्हणाले, "पंगत हुडकाय न्हाई."
गोळ्या काचेवर तशाच राहिल्या.

नसीम तांबोळीचा बचत गट कारखान्याचे डबे करतो.
तिला सांगितलं तर पिठाच्या हातानं माझं पेन घेतलं
आणि चंद्रकोरीशेजारी एक गोल काढला.
"विचारत नका बसू. काढा.
भाकरी आम्हाला लांबनं ओळखू येते."

आता तालमीतली पोरं संध्याकाळी पाकिटं पोचवतात;
गोल दिसला की सायकल आधी नसीमच्या खिडकीशी थांबते.
इन्सुलिन दूध डेअरीच्या फ्रिजात,
सँपलच्या बाटल्यांशेजारी.
तिथला सर्जेराव फॅट लिहितो त्याच पानावर
कुणाची कुपी कुठल्या कप्प्यात, तेही लिहितो.
पतसंस्थेनं मात्र मिरजेच्या गाडीभाड्याचा ठराव
पुढच्या सभेवर ढकललाय.
तिसऱ्यांदा.

आणि आळसंद रस्त्याच्या एका घरी
पोरं पोचली तेव्हा डब्याची गरज उरली नव्हती.
ते पाकीट माझ्या गल्ल्यात आहे.
सूर्य, चंद्र, गोल.
घडीसुद्धा मोडलेली नाही.

परवा सोमवार, वीज बंद, माग बंद.
असा दिवस असला की गावालाच दडे बसल्यासारखं वाटतं.
दत्तोबा आले. रांग नव्हती.
मी गोळ्या मोजल्या, सूर्य काढला,
सवयीनं 'जेवणानंतर' लिहिलं
आणि काही न विचारता पाकीट पुढं केलं.
ते त्यांनी घेतलं नाही.
त्या शब्दाखाली, कोपऱ्यात, बोट टेकवलं.
नखात अजून वंगण होतं.
"हितं," म्हणाले. "पर बारीक काढ."

काढला. शर्टाच्या बटणाएवढा.
त्यांनी पाकीट दुमडलं, गोल आतल्या बाजूला,
आणि नसीमच्या खिडकीकडं पाठ करून
उलट्या दिशेनं चालायला लागले.

तो लांबचा रस्ता आहे.
मारुतीच्या देवळावरून वळतो,
जुन्या सूतगोदामाला वळसा घालतो
आणि तिथंच निघतो.