शेरीफ

जेवणं झाली की पोलीस पाटील रुखमांगद मोहोड
मोबाइल तांब्याला टेकवतात.
हिंदीत बोलणारा गोरा शेरीफ
जीपमधून उतरतो,
टोपी सारखी करतो
अन् बराच वेळ काहीच बोलत नाही.

"हे पाय," बायकोला म्हणतात,
"आपल्या बरडावानीच रान हाय.
तुराट्या तेवढ्या नाहीत."

खुनी कोण, त्यांना दुसऱ्याच भागात कळतं.
तरी पाहतात :
ओळखीच्या दारात
बेड्या घेऊन तो कसा उभा राहतो,
आधी पाणी मागतो का.

मागच्या पोळ्याला
चुलतभावाच्या पोराला नेताना
शिपायांनी चपला घालू दिल्या नाहीत.
घर ह्यांनीच दाखवलं होतं.

पुढचा भाग आपोआप सुरू होतो.
बायको तांब्या उचलायला येते,
तर म्हणतात,
राहू दे.