जिभा कापणाऱ्या पोरांचं व्याकरण

लोफोतेनला मार्चमध्ये
कॉडच्या जिभा कापायचं काम पोरांचं.
मोठी माणसं डोक्यांचा ढीग टाकून जातात,
पोरं एकेक डोकं खिळ्यावर रोवतात, सुरी फिरवतात,
जीभ बादलीत.
किलोमागे पैसे, ते पोरांचेच.

आस्लाउग नऊची, एय्विन सातचा,
आणि हात गुंतलेले, तोंड मोकळं.
तेव्हा त्यांनी भाषा केली.
इतक्या जिभा हाताखालून जातात, ती मला म्हणाली,
एखादी आपल्याला ठेवून घ्यावीशी वाटतेच.

लिपी फळीवर, सुरीच्या टोकाने.
लाकडात सुरी वळत नाही,
म्हणून एकाही अक्षराला पोट नाही, वेलांटी नाही.
मधे एक आडवी रेघ, मासे वाळत घालायच्या दांडीसारखी.
बहिणीची अक्षरं रेघेवर उभी,
भावाची खाली लोंबणारी.

लिंगं दोन, ओलं आणि सुकं.
पाव सुका. दूध ओलं. बाप
घरी असला तर सुका, होडीवर गेला की ओला.
कॉड दांडीवर चढताना ओला,
जूनमध्ये उतरताना सुका,
मधे त्याचं नाव घ्यायचं नाही.

आणि क्रियापद एकट्याने बोलताच येत नाही.
धातू एकाने म्हणायचा,
काळ दुसऱ्याने आणायचा.
ती म्हणे 'तूर', म्हणजे येणं.
तो म्हणे 'ना', म्हणजे आलं, झालं;
नाहीतर 'एस', म्हणजे अजून व्हायचंय.
भांडण झालं की एय्विन ओठ मिटून बसायचा
आणि तिचं सगळं बोलणं अर्धं लटकायचं.
"पोटभर जेवून उठले तरी जेवले म्हणता यायचं नाही.
आधी त्याला मनवा."

तो एकोणीसचा असताना होडी सापडली.
नुसती होडी.

मी गेले तेव्हा आस्लाउग त्र्याहत्तरची.
माझ्याकडे विद्यापीठाचं यंत्र, दोनशे शब्दांची यादी:
खाणं, झोपणं, शिवणं, मरणं.
ती धातू म्हणे आणि थांबे.
चार सेकंद, कधी पाच.
मग मान हलवून पुढचा.

त्रोम्सोला परतल्यावर सर म्हणाले,
मधल्या शांतता काढून टाक, फाइल हलकी होईल.
मी नाही काढल्या.
तक्त्यात काळाच्या रकान्यात
मी ते सेकंद भरले, दशांशासकट.
सर तक्ता बघत बराच वेळ काही बोलले नाहीत.
तेवढे मात्र मी मोजले नाहीत.

यादीत नसलेला एकच प्रश्न विचारला होता,
एय्विन हे नाव कोणत्या लिंगात चालवायचं?
ती उठली. फडकं घेऊन
कोरडाच कप पुसत राहिली.
"ओल्या," म्हणाली.
"आई गेली तेव्हा पाद्री म्हणाले, तिच्या दगडावर त्याचंही नाव घालू.
घातलं. दगड सुका असतो.
पाद्रींना कुठे ठाऊक आमचं व्याकरण."

निघाले त्या दिवशी ती धक्क्यापर्यंत आली.
बोटीने भोंगा दिला. ती म्हणाली, "तूर."
आणि थांबली.
एक. दोन.
तिसऱ्याला मी, बॅग सावरत, घाईत,
'ना' म्हणून बसले.
म्हणायचं होतं 'एस'.

ती इतकी हसली की तिला दोरखंडाचा खुंटा धरावा लागला.
"चूक," म्हणाली साध्या नॉर्वेजियनमध्ये,
"अगदी त्याच्यासारखी चूक. सातव्या वर्षी
तोही हीच गल्लत करायचा."
दुरुस्त मात्र तिने केलं नाही.

बोट सुटली. वारा आडवा होता,
पाणी कठड्यावरून अंगावर येत होतं,
धक्क्यावर ती अजून उभी, सुकी.
आणि मी, तिच्या हिशेबाने,
बोदोला उतरेपर्यंत ओली.