किमान बळ

ससा एक, वजन दोन किलो शंभर ग्रॅम.
वाघर एक, सुताची, लांबी बावीस हात.
बॅटरी एक, काच तडकलेली.
साथीदार दोन, पळाले.
एवढं सगळं मोजून लिहिलं पंचनाम्यात
आणि शेवटी, नेहमीच्या जागी, नेहमीच्या अक्षरात:
आरोपीस ताब्यात घेताना
किमान आवश्यक बळ वापरले.

तेवढं मोजलं नव्हतं.

सुप्याचं कुरण, पौषातली रात्र.
गवत वाळून असं झालेलं
की उंदीर चालला तरी माणूस वाटावा.
मी हिवराच्या बुडाशी, एकटा;
कडबाने साहेब येतो म्हणाले होते, जीपला डिझेल नव्हतं.
हातात काठी, सरकारी, रजिस्टरला नोंद असलेली.
डाव्या भुवईवर तीन टाके, तेही नोंद असलेले.
दोन वर्षांपूर्वी याच बांधावर
कुऱ्हाडीचा दांडा बसला होता.
तेव्हापासून बॅटरीचा झोत अंगावर आला
की हात आधी उठतो, मी मागून.

झोत आला.
हात उठला.
आवाज झाला तो
ओली फांदी मोडताना होतो तसा नाही,
वाळकी मोडताना होतो तसा.
तो ओरडला नाही.
"बॅटरी हुती सायेब," म्हणाला, "नुसती बॅटरी."

तेव्हा ओळखला. भिवसेन गोफणे.
बुद्धपौर्णिमेच्या मोजणीला
पाणवठ्यावर आमचं मचाण बांधतो तो.
चिंकारा किती आल्या, नर किती,
माझ्या दुर्बिणीआधी त्याला कळायचं.

जीप आलीच नाही.
माझ्याच गाडीवर मागं बसवला.
मोडका हात पोटाशी, धड हात माझ्या खांद्यावर,
आणि दोघांच्या मधे पोत्यात ससा,
जिवंत, मुद्देमाल म्हणून.
खड्डा आला की तिघंही एकदम उडायचो.
एकदा सशानं कमरेत लाथ घातली,
चांगली जोराची होती.
"सोडा की त्याला, धडकीनं मरंल."
म्हटलं, पंचनामा व्हायचाय.
"तवर त्याचाच व्हायचा पंचनामा,"
आणि हसला. किंवा थंडीनं दात वाजले असतील.

दवाखान्यात डॉक्टर पेंगत होते.
कशानं झालं?
मी तोंड उघडणार तोच
"पडलो," भिवसेन म्हणाला. "चारीत पडलो."
डॉक्टरांनी माझ्या काठीकडं पाहिलं
आणि लिहिलं: पडून.
ससा पहाटे पोत्यातच गेला.
वर लिहिलेलं वजन त्यानंतरचं.

फाल्गुनात पुण्याला बोलावणं आलं.
त्याच्या बायकोनं अर्ज केला होता, अंगठा उठवून.
पंख्याखाली मॅडम. चांगल्या होत्या, आधी पाणी दिलं.
"किमान म्हणजे किती? करून दाखवा."
काठी सुप्यालाच राहिलेली.
त्यांनी गुंडाळलेला नकाशा पुढं केला,
आमच्याच अभयारण्याचा.
मी टेबलावर मारला.
ग्लासातलं पाणी जरासं हललं.
"एवढंच?"
"एवढंच."
नकाशा कागदाचा होता, हे
त्यांनाही दिसत होतं.

शेरा आला: बळाचा वापर प्रमाणात.
कडबाने साहेबांनी पेढे मागितले. दिले.

आता वैशाख. पाणवठे भरून झालेत,
मचाण बांधायला माणूस हवा.
काल बाजारात भिवसेन दिसला.
शेळीच्या दाव्याचं एक टोक दातात धरून
डाव्या हातानं खुंटीला गाठ मारत होता.
उजवा हात नुसता बघत होता.
गाठ बसेना.
मी पुढं झालो, दातातलं टोक हातात घेतलं.
काही बोलायचं होतं, ते
मचाणाबद्दल होतं का, मला अजून सांगता येत नाही.
मी ओढलं.
"लई आवळू नगा," तो म्हणाला,
माझ्याकडं न बघता,
"जनावर हाय."