चढावरची गाडी

दफनभूमीच्या भिंतीला लागून चढ आहे,
तिथेच उभी करायची तिला. नाक वर, शेपूट खाली.
इंजिन मागे, रेडिएटर पुढे, आणि मधे
पावाच्या फळ्यांखालून गेलेले दोन लांब पाइप.
हवा एकदा तिथे शिरली
की माहेरी आल्यासारखी राहते.

माझ्यापेक्षा तीन वर्षांनी थोरली आहे ही गाडी.
गालिसियाच्या या डोंगरात एकवीस गावांना पाव दिला तिने,
त्यातल्या चार गावांच्या आता नुसत्या पाट्या उरल्यात.
परवा पाण्याचा नवा पंप बसवला,
तेव्हापासून डॅशबोर्डामागे कुणीतरी गुळण्या करतंय.
हीटर थंडगार,
काटा मात्र लाल रेघेकडे.

मी फक्त त्या काट्याचा फोटो पाठवला होता.
शेन्शोचं उत्तर आलं नाही.
सकाळी सहाला तोच दारात,
विगोहून रात्रभर गाडी चालवत आलेला,
हातात सतराचा पाना.
"डोक्यात हवा गेलीय तिच्या," म्हणाला.
वाटणीच्या कागदांनंतर माझ्याशी बोललेलं
त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य.

मी सीटवर. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर.
किती दाबायचा ते कानाने ठरवायचं,
दाणे संपत आल्यावर गिरणी जशी वाजते
तिथवर, बाबा सांगायचे, त्याच्या पुढे नाही.
तो पुढे, जाळी काढून, ओल्या दगडांवर गुडघे टेकून.
खाली आईचं चेस्टनट उकडायचं पातेलं,
जे कुणाच्याच वाट्याला लिहिलं गेलं नव्हतं.

मागच्या टाकीशी तिसरं माणूस हवं होतं.
पाव का आला नाही म्हणून ओरडायला आलेल्या
दोसिंदाच्या हाती आम्ही जग दिला.
वय त्र्याऐंशी, पायात लाकडी खडावा.
"पातळी खाली गेली की ओत, आजी."
"मला शिकवू नकोस. गाय पिळलीय मी आयुष्यभर."

"दे."
मी देते.
"बास."
मी सोडते.
स्क्रू अर्धा आटा सैल.
आधी फुस्स, मग थुंकी, मग हिरवा फेस,
मग पुन्हा नुसतंच फुस्स,
बोलायला तोंड उघडून कुणी गप्प बसावं तसं.

नको, उपमा नको.
हवा ही हवा असते.
सगळ्यात उंच जागा शोधते
आणि तिथे बसून पाण्याची वाट अडवते.
एवढंच.

सातव्या खेपेला दोसिंदाचा कुत्रा पातेल्याशी आला.
ते पाणी गोड लागतं आणि जीव घेतं.
शेन्शोने एका हाताने स्क्रू दाबून धरला,
दुसऱ्याने त्याची मान,
आणि ओरडला माझं नाव.
पूर्ण नाव नव्हे. लहानपणीचं,
जे घेणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.
मी पळाले, कुत्र्याला उचललं.
इंजिन बंद पडलं.
पुन्हा पहिल्यापासून.

मग केव्हातरी, कितव्या खेपेला कोण जाणे,
फेस थांबला.
काचेच्या कांडीसारखी धार,
सलग, एकही बुडबुडा नाही,
पातेल्यात पडत राहिली.
जीव भांड्यात पडतो म्हणतात तो असा,
हिरवा, वाफाळता, बोट भाजणारा.

शेन्शोने स्क्रू आवळला, शेजारच्या सीटवर येऊन बसला.
मी हीटरची कळ ओढली.
आधी काहीच नाही.
मग झडपांतून उडालं कित्येक हिवाळ्यांचं पीठ,
त्याच्या भुवयांवर, माझ्या मांडीवर,
आणि त्यामागून ऊब.
त्याने दोन्ही हात झडपेसमोर धरले.
बोटांना पान्याचा गंज.

बाहेर दोसिंदा पत्रा बडवत होती,
"माझा पाव!"

"शनिवारी पुन्हा बघावं लागेल," तो म्हणाला,
काचेतून समोर बघत.
"थोडी राहतेच आत."
मी हॉर्न दाबला, दोनदा,
कुत्र्याने उत्तर दिलं,
आणि आम्ही पहिल्या फाटकाकडे निघालो
जिथे कापडी पिशवी
तास दीड तास
रिकामी लटकत होती.