लाईनवर अजून कोणी

व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा.
बोर्गहिल्ड ओल्या गाऊनमध्ये पलंगाच्या कडेला बसलीये,
नर्सला बोलवायच्या घंटीची वायर
भिंतीच्या भोकात खुपसू बघतेय,
आणि समोर नसलेल्या कुणालातरी अदबीने सांगतेय,
"थांबा हं, बर्गेनची लाईन जोडून देते."
मागे मायकनचं खुसखुसणं.
खाली तिने लिहिलंय: आमच्या मजल्याची कॉल सेंटर महाराणी.

पहिला लाल बदाम माझा होता.
हे आधीच सांगून टाकते,
नाहीतर पुढचं सगळं
दुसऱ्याच कुणाच्या पापासारखं वाटेल.
रात्रपाळी. वार्द्योतला नोव्हेंबर संपत आलेला,
सूर्य उगवायचाच बंद झालेला,
सतरा जणांच्या चादरी बदलून झाल्या होत्या,
हसायला मला काहीतरी हवंच होतं.

गुरुवारी ओस्ता आली. नव्वदीची,
वॉकर ढकलत, टोपीवर बर्फ तसाच.
नातवाने दाखवला होता तिला.
मला वाटलं, भांडेल.
तिने बूट काढले, मोजे वाळत घातले हीटरवर,
आणि मोज्यांकडेच बघत म्हणाली,

"सत्तावन्न साली मी ट्रोम्स्योच्या डॉक्टरला फोन लावला होता.
नवरा समुद्रावर. पोटातलं त्याचं नव्हतं.
तीन मिनिटं बोलले, त्यातली दोन रडले.
लाईन जोडली बोर्गहिल्डने.
तेव्हा काय, गावाचा प्रत्येक शब्द
तिच्या कानावरूनच जायचा.
दुसऱ्या दिवशी बेकरीत समोर आली. माझे पाय गळाले.
ती म्हणाली, आज वारा फार सुटलाय, नाही?
बासष्ट वर्षं झाली.
माझ्याशी वाऱ्याखेरीज काही बोलली नाही ती."

एकतीस वर्षं ही बाई एक्स्चेंजमध्ये बसली.
कुणाची उधारी, कुणाची दारू,
कुठल्या बोटीवरचा कोण परतणार नाही
हे तिला त्याच्या बायकोच्या आधी कळायचं,
आणि तरी तिने शांतपणे नंबर जोडायचा,
दोर हातात धरून
पलीकडचा श्वास थांबेपर्यंत बसायचं.
आता तिला आजचा वार आठवत नाही,
सकाळी जेवली की नाही आठवत नाही,
पण गावातलं एक गुपित तिच्या तोंडून सांडलेलं नाही.
सांडलं ते तिचं स्वतःचं.
ते आम्ही सांडलं.

मायकन बावीसची. वाईट नाही हो.
बोर्गहिल्डची नखं कापताना पाहिलंय मी तिला,
जीभ दातांत धरून, श्वास रोखून.
म्हणाली, "नाव कुठे टाकलंय मी?"
या गावात, जिथे कुत्रंसुद्धा
पाठमोरं ओळखू येतं.
म्हणाली, "आणि तिला कळतं तरी का?"
याचं उत्तर मला नीट देता आलं नाही.
ओस्ताला कळतं, एवढंच म्हणाले.
तिने काढला. तोवर चारशे बारा जणांनी पाहिला होता.
एकाने ओस्लोतून फोन केला. बोर्गहिल्डचा मुलगा.
रागावला नाही, कुणाचं नाव विचारलं नाही.
इतकंच विचारलं,
गाऊन ओला का होता?

काल रात्री दोनला तिच्या दारावर टकटक केली.
एरवी आम्ही कुणीच करत नाही,
ढकलतो आणि दिवा लावतो.
आतून आवाज आला, "नंबर सांगा."
नंबर नाही, म्हटलं, मीच आहे, कूस बदलायला आलेय.
ती अंधारात कान देऊन थांबली,
तारेवरची खरखर ऐकावी तशी.
मग हळूच,
"लाईनवर अजून कोणी आहे का?"

ॲप्रनच्या खिशात फोन होता, मांडीला लागून, गरम.
नाही म्हणणार होते.
"आहे," म्हटलं.

"मग आत्ता काही बोलू नका," बोर्गहिल्ड म्हणाली,
आणि माझा हात घट्ट धरून
हवापाण्याचं विचारू लागली.